एका घागरीचा बिल्ला

मित्रांनो, तुमच्या तळहातावर मला ठेवलेत तर मी जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठाच भरेन. पितळेचा, काठाला झिजलेला, दोरा ओवण्यासाठी डोक्यात भोक पाडलेला असा मी एक बिल्ला आहे. माझ्या अंगावर घागरीचे चित्र आहे आणि तिच्या पोटात 'र' हे अक्षर. परवा एका मुलीने मला पाहून आईला विचारले, "हा कुत्र्याच्या पट्ट्याचा आहे का गं?" मला फार वाईट वाटले. पण तिचा तरी काय दोष! माझ्यासारखा बिल्ला दिला की एके काळी लातुरात घागरभर पाणी मिळत असे, हे तिला कोण सांगणार? म्हणून मीच सांगतो. आधीच कबूल करतो, माझ्या आयुष्यात शौर्य कमी आणि भीतीच जास्त आहे.

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्या वेळची ही गोष्ट. नव्या कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर ठिकठिकाणाहून कारकून, शिपाई, टंकलेखक बदलून आले. गावाच्या कडेला त्यांच्यासाठी भाड्याच्या खोल्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या उभ्या राहिल्या. नळ मात्र तिथवर पोचले नव्हते. त्यातच पावसाने पाठ फिरवली. दिवाळीनंतर सार्वजनिक आड एकेक करून आटले.

त्या गल्ल्यांच्या पलीकडे रत्नम्मा आणि चंद्रप्पा या नवरा-बायकोचा लहानसा मळा होता. मळ्यात एक जुनी विहीर होती. भाजीपाला जळून गेला, पण विहिरीला पाणी होते. चंद्रप्पाने बैलगाडीवर पिंपे चढवली आणि घरोघर पाणी पोचवायला सुरुवात केली. रोज तीच घरे, रोज त्याच घागरी. दुधाचा रतीब असतो, तसा हा पाण्याचा रतीब होता.

पाणी पोचवणे सोपे होते. पैसे गोळा करणे अवघड होते. आधी चंद्रप्पा रोजच्या रोज पैसे मागत असे. कुणाजवळ सुट्टे नसत, कुणी आंघोळीला गेलेले असे, कुणी "उद्या घे" म्हणत असे. दारादारात बैल उन्हात ताटकळत. मग त्याने महिन्याने पैसे घ्यायचे ठरवले. घागर ओतली की दाराशेजारच्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढायची, आणि पगार झाला की रेघा मोजायच्या. पण कुणी भिंतीला चुना लावला. कुणी म्हणाले, एवढ्या रेघा आमच्या नव्हेत. एका घरासमोर गाडी उभी राहिली तर दाराला कुलूप! बिऱ्हाड आदल्याच दिवशी बदलीच्या गावी निघून गेले होते.

त्या दिवशी चंद्रप्पाने घरी येऊन टोपी खाटेवर आपटली. "रोज मागावं तर लोक चिडायलेत. म्हैन्यानं मागावं तर घर खाली करून जायलेत. करावं तरी कसं?"

रत्नम्मा ज्वारी निवडत होती. ती आडत बाजारात जायची, तेव्हा तिने एक गोष्ट पाहून ठेवली होती. तिथे हमालाने पोते उतरवले की मुनीम त्याच्या हातावर एक बिल्ला ठेवी आणि संध्याकाळी बिल्ल्यांवर मजुरी मिळे. ती म्हणाली, "आपन बी बिल्ले करू. लोकांनी आधी पैसे देऊन बिल्ले घेऊन ठेवायचे. घागर घेतली की बिल्ला द्यायचा. ना सुट्ट्याची कटकट, ना भिंतीवरच्या रेघा."

"आधी पैसे कोन देईल गं?"

"देतील. दुसरीकडं पानी कुठं हाय?"

हे बोलून रत्नम्मा स्वतःच जरा दचकली. तिच्या तोंडून असे वाक्य कधी निघाले नव्हते.

अशा रीतीने माझा जन्म ठरला. गंजगोलाईच्या बाजारामागच्या गल्लीत एका तांबटाच्या दुकानात मी पितळेचा जुना पत्रा म्हणून पडून होतो. त्याने मला भट्टीत तापवले, कात्रीने गोल कापले आणि माझ्या छातीवर ठसा ठेवून असा हातोडा मारला की माझी शुद्ध हरपली. शुद्धीवर आलो तेव्हा माझ्यासारखे पुष्कळ भाऊ शेजारी चकाकत पडले होते. आमचे मोल काय, हे आम्हाला अजून ठाऊक नव्हते. तांबटाने आम्हाला फडक्यात बांधून रत्नम्माच्या हाती दिले. ती म्हणाली, "एक बिल्ला म्हंजी एक घागर." तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या जन्माचा अर्थ कळला. मी घागरभर पाण्याचा शब्द होतो.

सुरुवातीचे दिवस मोठे सुखाचे होते. बायका आम्हाला दोऱ्यात ओवून दाराच्या खिळ्याला लावत. गाडी आली की एक बिल्ला सोडायचा आणि घागर भरून घ्यायची. भांडण नाही, वाट पाहणे नाही. नांदेडहून बदलून आलेले भगवानराव नावाचे एक कारकून होते. गोदावरीकाठच्या माणसाला घागर मोजून पाणी घ्यायची सवय नव्हती. पण तेसुद्धा म्हणाले, "रत्नम्माबाई, तुमच्या डोक्याची कमाल हाय! आमच्या कचेरीत बी एवढी सोय नाही." त्यांनी महिन्याभराचे बिल्ले एकदम घेतले. त्यांचे पाहून इतरांनीही घेतले. आमचे कौतुक होत होते आणि आम्ही फुगून गेलो होतो.

मी मात्र पंचफुलाबाईंच्या वाट्याला आलो. त्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. एकट्याच राहत. महिन्याचे बिल्ले घेणे त्यांना परवडण्यासारखे नव्हते. त्या एका वेळी एकच बिल्ला घेत, पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत आणि कामावर असताना मधूनमधून ती गाठ चाचपून पाहत. मी पाण्याच्या बदल्यात रत्नम्माकडे जाई आणि दोन दिवसांनी फिरून त्यांच्याच पदरात येई.

मित्रांनो, भीती माझ्या मनात शिरली ती रत्नम्माच्या घरी. त्या दिवशी मी दाराजवळच्या खिळ्याला लटकलो होतो. चंद्रप्पा खुशीत होता. बिल्ल्यांच्या आलेल्या पैशांतून त्याने पिंपे काढून गाडीवर मोठी लोखंडी टाकी बसवली होती, बैलांना कडबा आणला होता. लोक दोन-दोन महिन्यांचे बिल्ले मागत होते, म्हणून तो तांबटाकडून आणखी बिल्ले घेऊन आला होता. रत्नम्मा मळ्यातून आली आणि उंबऱ्यातच बसली.

"इहिरीत दगडाचा आनखी एक थर उघडा पडला," ती म्हणाली. "बिल्ले किती गेलेत भाईर?"

"लई गेलेत. सगळी गल्ली आपलीच हाय आता."

"आन् तेवढं पानी हाय का?"

चंद्रप्पाने नव्या बिल्ल्यांच्या फडक्याची गाठ आवळली. मग म्हणाला, "कुनाला सांगू नको. पाऊस येईस्तोवर निभून जाईल."

रत्नम्माने पुन्हा विचारले नाही. नव्या बिल्ल्यांचे फडके तिने उचलले आणि विकायच्या बिल्ल्यांत ठेवून दिले. मला तर खिळ्यावर राहवेना. मी शब्द होतो ना! विहिरीत पाणीच नसेल तर मी कशाचा शब्द? मग तर मी पितळेची एक थाप होतो.  बाहेर कुणाला काही ठाऊक नव्हते. लोक हसत बिल्ले घेत आणि रत्नम्मा खाली मान घालून पैसे घेत असे.

एके सकाळी टाकी अर्धीच भरली. चंद्रप्पा गल्लीच्या मध्यावरूनच परत फिरला. एवढे पुरे झाले. रत्नम्माची विहीर आटली, अशी आवई दुपारपर्यंत घरोघर पोचली. ज्याच्याकडे बिल्ले होते तो घाबरला. आज पाणी घेतले नाही तर पैसेही बुडाले आणि पाणीही गेले, असे प्रत्येकाला वाटले. माणसे घागरी, बादल्या, तपेली घेऊन मळ्याकडे धावली. पंचफुलाबाईही निघाल्या. मी त्यांच्या मुठीत होतो. ती मूठ घामाने भिजली होती.

घरात काय चालले होते ते मला पुढे रत्नम्माच्याच तोंडून कळले. गलका ऐकून चंद्रप्पा म्हणाला होता, "कडी लाव. मागच्या दारानं निघू. चाकूरला तुझ्या भावाकडं चार रोज राहू." रत्नम्मा कडी लावायला उठलीही होती. पण कडी काही केल्या कोयंड्यात बसेना. शेवटी तिने ती सोडून दिली आणि दार उघडून ती बाहेर आली.

सगळी माणसे विहिरीभोवती जमली होती. भगवानराव सर्वांत पुढे होते. त्यांच्या हातात बिल्ल्यांनी भरलेली पिशवी होती. एरवी हळू बोलणारे ते गृहस्थ त्या दिवशी ओरडत होते, "हे माझे सगळे बिल्ले. सगळं पाणी आत्ताच द्या! माझ्या घरी बाळंतीण हाय, बाई. लेकरू आठ दिवसांचं हाय. मी काय करू?"

"एवढं पानी न्हाई, भाऊ," रत्नम्मा म्हणाली. तिचा आवाज पुढच्या चार माणसांपलीकडे गेला नाही; त्यांनीच ते मागे सांगितले.

"मंग आमचे पैसे टाक!" मागून कुणीतरी ओरडले.

"पैसे टाकीत गेले."

हे ऐकताच मागची माणसे पुढे लोटली. विहिरीला एका बाजूने कठडा नव्हता आणि सांडलेल्या पाण्याने तिथला दगड निसरडा झाला होता. पंचफुलाबाई नेमक्या त्याच बाजूला होत्या. कुणाचा तरी कोपर त्यांना लागला. त्यांचा पाय सरकला. मित्रांनो, त्या क्षणाचे मला आठवते ते एवढेच, की मूठ उघडली, वर आभाळ दिसले आणि खाली अंधार. एक किंकाळी ऐकू आली. मी पडलो. पडता पडता मी पाहिले, रत्नम्माने पालथे पडून दोन्ही हातांनी पंचफुलाबाईंचे मनगट धरले होते आणि भगवानराव पिशवी टाकून रत्नम्माचे पाय धरत होते.

मी गुडघाभर पाण्यात पडलो आणि तळाच्या चिखलात रुतलो. वरून पंचफुलाबाईंचे हुंदके ऐकू येत होते, म्हणजे त्या वाचल्या होत्या.  गोल आभाळाच्या कडेने एकेक डोके दिसू लागले. सगळे वाकून पाहत होते. इतके दिवस त्यांनी घागरीतले पाणी पाहिले होते, विहिरीतले आज पहिल्यांदाच पाहिले.

रत्नम्माचा आवाज आला. "बघा. एवढंच हाय. मला म्हैनाभरापासून ठाऊक व्हतं. भ्यानं बोलले न्हाई. ज्याला पैसे पाहिजेत त्याला टाकी विकून देते. ज्याला पानी पाहिजे त्याला आज दर घरी एक घागर. मंग बिल्ला एक असो का पिशवीभर."

"आन् उद्या?" भगवानरावांनी विचारले.

"उद्याचं मला ठाऊक न्हाई."

 मग रहाट करकरला. पोहरा खाली येऊ लागला. दोर भगवानराव ओढत होते. पहिली घागर त्यांनी पंचफुलाबाईंच्या पुढ्यात ठेवली, हे मला पुढे कळले. त्यांच्यापाशी बिल्ला नव्हता, पण त्या दिवशी तो कुणी मागितला नाही.

यापुढचे दिवस मी तळाशी काढले. तशी भीती शत्रूलाही वाटू नये. रोज पोहरा येई आणि माझ्या डोक्यावरचे पाणी थोडे कमी होई. आधी तो बुडबुड आवाज करत बुडे. नंतर आडवा पडून भरू लागला. मग त्याचा काठ दगडावर घासला जाऊ लागला. तो आवाज ऐकला की माझे अंग शहारे. एका सकाळी पोहऱ्यात नुसता गाळ गेला. वर बायका परत फिरल्या. त्यांच्या रिकाम्या घागरी एकमेकींवर आपटल्याचे मला खाली ऐकू आले.

गाळ काढून झरे मोकळे केले तर पाझर फुटेल, असे जुनी माणसे सांगत होती. पण विहिरीत उतरणारे मजूर मिळेनात. गावोगाव विहिरी खोल करण्याची कामे निघाली होती, ते तिकडे गेले होते. चंद्रप्पाचा गुडघा अधू होता. आणि एके दिवशी दोराला पोहऱ्याच्या जागी रत्नम्माच खाली येताना मला दिसली. कमरेला दोर, कासोटा घातलेला, हातात पहार. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. वर दोर धरायला चंद्रप्पा होता, भगवानराव होते आणि गल्लीतले आणखी दोघे-तिघे होते.

तळाला पाय लागताच ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडू लागली. अगदी हळू, वर ऐकू जाऊ नये असे. "अव्वा गं, अव्वा," एवढेच म्हणत ती आपल्या आईला हाका मारत होती. मला वाटले, ही आता दोर हलवून वर जाणार. मी तिला मनातल्या मनात म्हणालो, जा बाई, जा. पण डोळे पुसून तिने टोपल्यात चिखल भरायला घेतला.

टोपले वर जात होते, रिकामे होऊन खाली येत होते. एकदा वरच्या बांधणीतला एक दगड निसटला आणि तिच्या खांद्याजवळून येऊन आदळला. चिखल उडाला. वरून चंद्रप्पा जिवाच्या आकांताने ओरडला, "काय झालं? ऐकती का? काय झालं?" तिने खांदा चाचपला आणि तो दगड बाजूला लोटला. वर तो हाका मारतच होता. मग ती म्हणाली, "काई न्हाई. टोपलं ओढा."

तेवढ्यात चिखल चाचपणाऱ्या तिच्या बोटांना मी लागलो. तिने मला पदराला पुसले. घागरीचे चित्र पाहिले. ठेवायला जागा नव्हती आणि दोन्ही हातांनी पहार धरायची होती, म्हणून तिने मला दातांत धरले. मित्रांनो, तिचे दात माझ्या अंगावर कडकड वाजत होते. माझ्या काठाला ही जी खाच दिसते ना, ती त्या दिवसाची. ती तशीच कापत होती आणि तशीच पहार मारत होती. एक घाव, दुसरा घाव. कोपऱ्यातल्या खडकाची एक कपची उडाली आणि आतली वाळू ओली निघाली. तिने तिथे ओंजळ धरली. कितीतरी वेळ काहीच झाले नाही. मग सुतासारखी बारीक धार तिच्या बोटांवरून ओघळली.

मला दातांत धरूनच ती ओरडली. वर कुणाला शब्द कळला नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला.

तो काही मोठा झरा नव्हता. रोज सकाळपर्यंत थोडे पाणी साठे आणि ते दर घरी एका कळशीला कसेबसे पुरे. तरी उन्हाळा त्यावर निघाला. वर आल्यावर रत्नम्माने मला पंचफुलाबाईंपुढे धरले. "मावशी, तुमचा हाय." पंचफुलाबाईंनी तिची बोटे मिटवली. "त्या दिशीची घागर मी नेली की गं. आता हा तुझा." मग त्यांनी आपल्या पदराने रत्नम्माच्या तोंडावरचा चिखल पुसला.

काही जणांनी पैसे परत मागितले. रत्नम्माने टाकी विकून ते दिले. भगवानरावांनी बाळंतिणीला आणि लेकराला नांदेडला आजोळी पोचवले, पण स्वतःची पिशवी देऊन पैसे परत मागितले नाहीत. रोज येऊन ते एक बिल्ला देत आणि एक कळशी नेत. पुढे उशिराने पाऊस झाला, आड भरले, आणि लोकांना आमची गरज उरली नाही. तेव्हा रत्नम्मा गल्लीगल्लीत जाऊन उरलेले बिल्ले मागू लागली. कुणी म्हणे, "राहू द्या आता, पाणी झालं की!" पण ती ऐकत नसे. ज्याच्याकडे बिल्ला निघे, त्याच्या दारात चंद्रप्पा घागर आणून ओती.

त्यानंतरही उन्हाळे आले आणि रतीब पुन्हा सुरू झाला. पद्धत बिल्ल्यांचीच राहिली, पण आता रत्नम्मा कुणालाच आठवड्याच्या वर बिल्ले देत नसे. सोमवारी ती विहिरीत वाकून दगडाचे किती थर उघडे आहेत ते पाही आणि मगच बिल्ल्यांचे फडके सोडी. पाणी कमी दिसले तर बिल्ले कमी देई आणि का कमी दिले ते दारात उभी राहून सांगे. चंद्रप्पा कुरकुरत असे. "लोक म्हैन्याचे पैसे घेऊन दारात उभे हायत, आन् तू न्हाई म्हनतीस. असा धंदा असतो का?"

ती म्हणे, "तुमी घ्या म्हैन्याचे. पन मंग इहिरीत तुमी उतरा. मला पुन्ना उतरायचं न्हाई."

कालांतराने त्या गल्ल्यांत नळ आले. माझे भाऊ मोडीत गेले. भट्टीची ती वाट मला ठाऊक होती, म्हणून मी फार घाबरलो. पण माझ्या काठाची खाच पाहून रत्नम्माने मला बाजूला काढले. आता ती नाही. तिच्या नातसुनेच्या शिवणयंत्राच्या खणात मी गुंड्या आणि हुकांमध्ये पडून आहे. महिनोन् महिने कुणी खण उघडत नाही. कधी कुणी मला काढले तर एवढेच करा, कोरड्या फडक्याने पुसा आणि माझी गोष्ट एखाद्याला सांगा.

आणि मित्रांनो, पुढे तुम्ही मोठे व्हाल, दुकान काढाल, रतीब घालाल, लोक विश्वासाने तुम्हाला आधी पैसे देतील. कधीतरी तुमच्याकडचे पाणी कमी पडू लागेल. ते सर्वांत आधी तुम्हालाच कळेल. तेव्हा गप्प बसू नका. रत्नम्मा महिनाभर गप्प बसली आणि पंचफुलाबाई मरता मरता वाचल्या. सांगताना फार भीती वाटेल. तरी भीत भीत का होईना, पण वेळेवर सांगा.